हवा कुणी काढली? बोस्टनच्या चाहत्याचा दुहेरी वैताग

२०१५ सालच्या उन्हाळ्यात बोस्टनमध्ये खेळाचा चाहता असणं म्हणजे दोन्हीकडून मार खाणं होतं. बेसबॉलमध्ये रेड सॉक्स हरत होते आणि फुटबॉलमध्ये पेट्रियट्स जिंकूनही चोर ठरले होते. सकाळी पेपर उघडावा तर एका पानावर पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीचा खटला, दुसऱ्यावर कालचा पराभव. त्यात भारतातून फोन आला की कोणी ना कोणी विचारणारच, "काय रे, तुमच्या टीमने बॉलमधली हवा काढली म्हणे?" हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. आजही हा प्रश्न येतो, म्हणून एकदा नीट मांडून ठेवतो.

सुरुवात बेसबॉलपासून, कारण ते दुःख सरळ आहे.

बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळपास रोज. क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्याला आधी हेच झेपत नाही, कारण आपण एकेका पराभवाचं सुतक पाळणारी माणसं. इथे सर्वात चांगला संघही वर्षाला पन्नास-साठ सामने हरतो. सिॲटल मरिनर्सने २००१ साली ११६ सामने जिंकून सर्वाधिक विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली, तरी ४६ हरलेच, आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंतही पोचले नाहीत. फलंदाजाचंही तसंच. दहापैकी सात वेळा बाद होणारा बेसबॉलमध्ये उत्तम फलंदाज समजला जातो. अपयश या खेळात मुरलेलंच असतं.

यात नशिबाचा वाटा किती, याचा एक सोपा हिशोब आहे. समजा एखादा संघ अगदी मध्यम आहे, दर सामन्यात जिंकायची शक्यता बरोबर निम्मी. १६२ सामन्यांत तो सरासरी ८१ जिंकेल. पण दर तीनपैकी साधारण दोन हंगामांत त्याचा आकडा ७५ ते ८७ च्या मध्ये कुठेतरी पडेल, आणि उरलेल्या एका हंगामात याही बाहेर जाईल. संघ तोच, खेळाडू तेच, फक्त चेंडू इकडे पडायचा तो तिकडे पडला. ८७ विजय मिळाले तर ऑक्टोबरपर्यंत आशा टिकते. ७५ मिळाले की ऑगस्टपासून लोक मॅनेजरला, म्हणजे प्रशिक्षकाला, काढा म्हणू लागतात.

२०१५ च्या रेड सॉक्सने ७८ जिंकले, ८४ हरले. आपल्या गटात ते शेवटचे. त्या गटात टोरांटो ९३, न्यूयॉर्क यांकीज ८७, बाल्टिमोर ८१, टॅम्पा ८० आणि बोस्टन ७८. तिसरा आणि शेवटचा यांत अवघ्या तीन विजयांचा फरक. पण तक्त्यात तळाला ते तळाला, तिथे कोणी फरक मोजत बसत नाही. शिवाय हे एकाच वर्षाचं नव्हतं. २०१२ मध्ये ६९ विजय, शेवटचे. २०१३ मध्ये ९७ विजय आणि थेट वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद. २०१४ मध्ये ७१ विजय, पुन्हा शेवटचे. २०१५ मध्ये पुन्हा तेच. चार वर्षांत तीनदा तळ आणि एकदा शिखर. सलग वाईट असलेला संघ माणूस सोडून देतो, पण हे लोक मध्येच एखादं वर्ष असं देतात की सोडवतही नाही.

आणि पैसा कमी होता असंही नाही. २०१४ च्या जुलैमध्ये संघाने आपला भरवशाचा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) जॉन लेस्टर ओकलंडला देऊन टाकला. तो हंगामानंतर मोकळा झाल्यावर शिकागो कब्जकडे गेला, परत आला नाही. त्याच्या तोडीचा पिचर आणायच्या ऐवजी संघाने दोन फलंदाज घेतले: पाब्लो सँडोव्हाल, पाच वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलर, आणि हॅन्ली रामिरेझ, चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर. रामिरेझ आयुष्यभर इनफिल्डमध्ये, म्हणजे फलंदाजाजवळच्या आतल्या भागात खेळलेला. त्याला उचलून लेफ्ट फिल्डला, म्हणजे लांब डाव्या बाजूला उभं केलं.

फेनवे पार्कचं लेफ्ट फिल्ड म्हणजे काय ते थोडं समजून घ्यायला हवं. १९१२ साली उघडलेलं हे मैदान शहराच्या रस्त्यांमध्ये कोंबून बसवलेलं आहे, त्यामुळे डाव्या बाजूला जागाच नाही. तिथे ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे, तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात. दुसऱ्या मैदानावर जो चेंडू आरामात झेलला गेला असता, तो इथे भिंतीच्या वरच्या भागावर आदळतो आणि वेड्यावाकड्या कोनात परत येतो. कधी पत्र्यावरून मेल्यासारखा खाली टपकतो, कधी क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून मागे उडतो. इथे वर्षानुवर्षं खेळलेल्यांना चेंडू आवाजावरून कळतो. रामिरेझला कळत नव्हता. तो भिंतीकडे बघत उभा राहायचा, चेंडू त्याच्या पाठीमागे जायचा आणि दोन धावपटू घरी पोचायचे. एप्रिलमध्ये त्याने दहा होम रन (आपल्याकडचे षटकारच समजा) मारले होते, तेव्हा आम्ही सगळे गप्प होतो. मेच्या सुरुवातीला चेंडूमागे धावताना तो भिंतीवरच आदळला, खांदा दुखावला आणि मग बॅटही थंडावली.

सँडोव्हालची तऱ्हा वेगळी. जूनमध्ये अटलांटातला सामना चालू असताना तो बाथरूममध्ये जाऊन इन्स्टाग्रामवर फोटो लाइक करत होता, हे उघड झालं आणि संघाने त्याला पुढच्या सामन्यात बसवलं. (त्या वर्षी बोस्टनच्या दोन्ही खेळांतल्या भानगडी बाथरूमपाशी का येऊन थांबल्या, देव जाणे. दुसरी पुढे येतेच आहे.) ऑगस्टमध्ये मॅनेजर जॉन फॅरेल यांना कॅन्सर झाल्याचं कळलं आणि त्यापुढे पराभवांवर चिडणंही बरं दिसेना. त्याच महिन्यात जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन गेले आणि डेव्ह डोम्ब्राउस्की आले.

पण या सगळ्या रडगाण्यात एक गोष्ट धड होती. संघ का हरला, हे कळत होतं. कुठल्या पिचरने किती धावा दिल्या, रामिरेझच्या क्षेत्ररक्षणाने किती धावांचं नुकसान केलं, कुठल्या करारात किती पैसे बुडाले, सगळं मोजलेलं आणि सगळ्यांसाठी उघडं. वाद घालायला आकडे होते. फुटबॉलच्या प्रकरणात नेमकं हेच नव्हतं.

आता तिकडे वळू. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. क्वार्टरबॅक हा चेंडू लांब फेकतो, त्यामुळे चेंडूवरची पकड हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. कोणाला टणक चेंडू आवडतो, कोणाला जरा मऊ. २००६ पासून एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या लीगने, प्रत्येक संघाला आक्रमण करताना आपापले चेंडू वापरायची मुभा दिली आहे. ही मागणी करणाऱ्यांत पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी आणि दुसऱ्या एका संघाचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग पुढे होते. अट एकच: आतल्या हवेचा दाब १२.५ ते १३.५ पीएसआयच्या (टायरचा दाब मोजतात तेच एकक) दरम्यान असायला हवा. सामन्याआधी पंच तपासतात आणि मग चेंडू संघाकडे जातात. ब्रेडीला १२.५ हवा असायचा, म्हणजे नियमाच्या अगदी तळाशी. याला कोणाचीच हरकत नव्हती.

१८ जानेवारी २०१५. बोस्टनपासून तासाभराच्या अंतरावर फॉक्सबरो गावातलं जिलेट स्टेडियम. थंडी आणि पाऊस. पेट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स, जिंकणारा सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात. कोल्ट्सने आदल्या दिवशीच लीगला कळवलं होतं की या लोकांच्या चेंडूंवर लक्ष ठेवा. पहिल्या अर्ध्यात ब्रेडीचा एक पास कोल्ट्सच्या डीक्वेल जॅक्सनने मध्येच पकडला. तो चेंडू कोल्ट्सच्या माणसांच्या हाती लागला, त्यांनी मोजला आणि दाब कमी निघाला.

हाफटाइमला पंचांच्या खोलीत पेट्रियट्सचे अकरा चेंडू आणले. दोन पंच, दोन गेज, म्हणजे दाब मोजायची यंत्रं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं. अकराच्या अकरा चेंडू दोन्ही गेजवर १२.५ च्या खाली. एका गेजवर सरासरी ११.४९, दुसऱ्यावर ११.११. चेंडू तेच, खोली तीच, आणि दोन गेजमध्ये जवळपास ०.४ चा फरक. मग कोल्ट्सचे चेंडू घेतले, पण वेळ संपत आली म्हणून चारच मोजले. त्यांतले तीन एका गेजवर १२.५ च्या खाली, दुसऱ्यावर चारही नियमात. पेट्रियट्सच्या चेंडूंत हवा भरून ते परत मैदानात पाठवले. हाफटाइमला स्कोअर १७-७ होता. हवा भरलेल्या चेंडूंनी पेट्रियट्सने पुढे आणखी २८ गुण केले आणि सामना ४५-७ जिंकला. दोन आठवड्यांनी सिॲटलला २८-२४ हरवून सुपर बोलही जिंकला.

आता इथे शाळेतलं विज्ञान कामाला येतं. गाडीच्या टायरमध्ये हवा भरणाऱ्या प्रत्येकाला हे अनुभवाने माहीत असतं. बोस्टनमध्ये पहिली कडाक्याची थंडी पडली की सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतोच. टायर पंक्चर नसतो, कोणी हवा काढलेली नसते. बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, इतकंच. तेच चेंडूचं. पंचांच्या खोलीत तापमान साधारण २२ अंश सेल्सियस, मैदानावर ९ अंश.

किती उतरेल? इथे बऱ्याच जणांची पहिली चूक झाली. गेज जो १२.५ आकडा दाखवतो, तो बाहेरच्या वातावरणापेक्षा आत किती जास्त दाब आहे हे सांगतो. वातावरणाचा स्वतःचा दाब १४.७ पीएसआय असतो, तो मिळवायला हवा. म्हणजे चेंडूच्या आत खरा दाब २७.२. तापमानही सेल्सियसमध्ये चालत नाही, केल्विनमध्ये घ्यावं लागतं: २२ अंश म्हणजे २९५, ९ अंश म्हणजे २८२. आता २७.२ ला २८२ ने गुणा, २९५ ने भागा. येतात २६. त्यातून वातावरणाचे १४.७ वजा करा. उरले ११.३. कोणी सुई न लावता, कोणी बोटही न लावता १२.५ चा चेंडू ११.३ वर आला. वातावरणाचा दाब मिळवायला विसरलात, तर उत्तर जवळपास १२ येतं आणि मग उरलेली हवा कोणीतरी चोरली असं वाटतं. पहिल्या आठवड्यात टीव्हीवर बसलेल्या कित्येक तज्ज्ञांनी हीच गंमत करून दाखवली. त्याच आठवड्यात ईएसपीएनच्या एका पत्रकाराने बातमी दिली होती की बारापैकी अकरा चेंडू दोन-दोन पीएसआयने कमी होते. ही बातमी चुकीची होती, पण मोजलेले आकडे बाहेर यायला मे महिना उजाडला. तोवर देशाचं मत बनून गेलं.

एनएफएलने वकील टेड वेल्स यांना चौकशीला नेमलं. ६ मे २०१५ ला २४३ पानांचा अहवाल आला. अहवालाच्या तज्ज्ञांनीही थंडीचा हिशोब केला आणि पेट्रियट्सचे चेंडू साधारण ११.३२ ते ११.५२ वर यायला हवेत असं काढलं. आता वरचे दोन सरासरी आकडे पुन्हा पाहा. ११.४९ धरला तर सगळं थंडीने झालं. ११.११ धरला तर थोडी हवा कुठेतरी गेली. म्हणजे सामन्याआधी पंच वॉल्ट अँडरसन यांनी कुठलं गेज वापरलं, यावर सगळा खेळ. अँडरसन यांना आठवत होतं त्याप्रमाणे त्यांनी कंपनीचा लोगो असलेलं, लांब वाकड्या सुईचं गेज वापरलं होतं, जे जास्त आकडा दाखवतं. तसं असेल तर ११.४९ चाच आकडा तुलनेला घ्यायला हवा. अहवालाने मात्र म्हटलं की अँडरसन यांची आठवण चुकीची असावी, कारण दोन्ही संघांनी आपापल्या गेजने भरलेला दाब त्यांच्या मोजणीशी जुळला होता आणि वाकड्या सुईच्या गेजने तो जुळला नसता. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण बाकी बाबतींत अँडरसन यांच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा आणि नेमक्या इथे नाही, हे कसं?

आणि हा सगळा घोळ का? कारण सामन्याआधी मोजलेले आकडे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. हाफटाइमला नेमक्या कोणत्या मिनिटाला कोणता चेंडू मोजला, हेही नाही. उबदार खोलीत चेंडू आला की मिनिटामिनिटाला त्याचा दाब चढतो. कोल्ट्सचे चेंडू नंतर मोजले, म्हणजे त्यांना उबायला जास्त वेळ मिळाला. पेट्रियट्सचे चेंडू ओले होते, ओला चेंडू हळू तापतो. एमआयटीतले प्राध्यापक जॉन लेनर्ड यांनी यावर अख्खं व्याख्यान दिलं आणि अहवालाच्या निष्कर्षाची चिरफाड केली. अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनीही अहवालाचं संख्याशास्त्र चुकीचं ठरवलं. लीगच्या बाजूचे तज्ज्ञ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पीएसआयच्या दोन-तीन दशांशांवरून माणसं डॉक्टरेट पणाला लावत होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त माझ्या संघाची वकिली करतोय असं होईल. सामन्याआधी पंचांच्या खोलीची व्यवस्था बघणारा पेट्रियट्सचा कर्मचारी चेंडूंच्या पिशव्या घेऊन, पंचांना न सांगता, मैदानाकडे निघाला. वाटेत तो एका बाथरूममध्ये शिरला, दार लावलं आणि १ मिनिट ४० सेकंदांनी बाहेर आला. कॅमेऱ्यात आहे. याच माणसाने आदल्या वर्षीच्या मेसेजमध्ये स्वतःला "डिफ्लेटर" म्हटलं होतं, म्हणजे हवा काढणारा. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यात चेंडूंचा दाब जवळपास १६ पीएसआय भरला होता आणि ब्रेडी भडकला होता, त्यावरही या कर्मचाऱ्यांचे एकमेकांना मेसेज आहेत. संघाच्या वकिलांनी "डिफ्लेटर"चं स्पष्टीकरण दिलं की तो शब्द वजन कमी करण्याबद्दल होता. बोस्टनमधल्या कट्टर चाहत्यांनाही हे ऐकून हसू आवरलं नाही. मी त्यांतलाच. बाथरूममध्ये माणूस बाथरूमच्या कामासाठी जातो, हे मला पटू शकतं. वजनाचं नाही पटत.

अहवालाचा निष्कर्ष शब्द तोलून लिहिला होता: चेंडूंशी छेडछाड झाली नसण्यापेक्षा झाली असण्याची शक्यता जास्त, आणि ब्रेडीला त्याची निदान सर्वसाधारण कल्पना असण्याची शक्यता जास्त. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा इथे नको असतो. तराजू एका बाजूला जरासा झुकला तरी पुरे. या दोन "शक्यता जास्त" एकावर एक रचून शिक्षा झाली: ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड, शिवाय २०१६ ची पहिल्या फेरीतली आणि २०१७ ची चौथ्या फेरीतली नवा खेळाडू निवडायची संधी काढून घेतली. ब्रेडीने अपील केलं. ते ऐकायला बसले कोण? ज्यांच्या कार्यालयाने शिक्षा दिली तेच लीगचे कमिशनर रॉजर गुडेल. २८ जुलैला त्यांनी शिक्षा कायम केली आणि नवीन मुद्दा जोडला: चौकशीच्या सुमारास ब्रेडीने आपला जुना मोबाइल नष्ट करायला लावला. ब्रेडीचं म्हणणं, मी नवीन फोन घेतला की जुना नेहमीच असा नष्ट करायला सांगतो. यावरही कोणाला काय वाटावं ते ज्याने त्याने ठरवावं.

आपल्याकडच्या वाचकाला ही चीड कुठली ते लगेच कळेल, जर त्याला नोव्हेंबर २००१ मधली पोर्ट एलिझाबेथची कसोटी आठवत असेल. चेंडूच्या शिवणीतलं गवत पंचांना न सांगता साफ केलं म्हणून सामनाधिकारी माइक डेनिस यांनी सचिन तेंडुलकरला ७५ टक्के मानधनाचा दंड आणि एका कसोटीची निलंबित बंदी ठोठावली होती. मैदानावरच्या पंचांनी तक्रार केली नव्हती. टीव्हीवरची दृश्यं पाहून निर्णय झाला. आयसीसीला नंतर खुलासा करावा लागला की आरोप छेडछाडीचा नव्हता, न विचारता चेंडू साफ केल्याचा होता. विषय संसदेपर्यंत गेला, पुढच्या कसोटीला डेनिस यांना बाजूला ठेवलं म्हणून आयसीसीने तिचा अधिकृत दर्जाच काढून घेतला. सचिन निर्दोष होता की नाही यापेक्षा "हा माणूस ठरवणारा कोण" यावर तेव्हा मुंबईतल्या चाळीचाळीत वाद झाले. बोस्टनमध्ये २०१५ ला अगदी हेच चाललं होतं, फक्त आमच्या माणसाची पाटी सचिनइतकी कोरी नव्हती.

प्रकरण कोर्टात गेलं आणि इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. ब्रेडीने हवा काढायला लावली का, हा प्रश्न कोर्टासमोर कधी नव्हताच. प्रश्न कामगार कायद्याचा होता. खेळाडूंच्या संघटनेने २०११ साली लीगशी सामूहिक करार केला होता आणि त्याच्या ४६ व्या कलमात कमिशनरला शिस्तभंगाची शिक्षा द्यायचा आणि तिच्यावरचं अपील स्वतःच ऐकायचा अधिकार दिला होता. सही करताना संघटनेचं लक्ष पैशाच्या वाट्यावर होतं. असा करार असला की कोर्ट एवढंच बघतं की लवाद (इथे गुडेल) कराराच्या चौकटीत वागला का. त्याचा निर्णय बरोबर की चूक, हे बघत नाही.

३ सप्टेंबर २०१५ ला न्यूयॉर्कचे न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी शिक्षा रद्द केली. असल्या गोष्टीसाठी अशी शिक्षा होऊ शकते याची पूर्वसूचना ब्रेडीला नव्हती आणि त्याच्या वकिलांना काही साक्षी-कागद मिळाले नाहीत, हे कारण. बोस्टनमध्ये दिवाळी. पण २५ एप्रिल २०१६ ला वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी ती परत लागू केली: कराराने अधिकार दिलाय, त्याने तो वापरला, विषय संपला. विरोधात मत देणारे मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांनी विचारलं की हाताला चिकट पदार्थ लावून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूला पहिल्या वेळी आठ हजार डॉलरच्या आसपास दंड होतो. चेंडूवरच्या पकडीशी खेळण्याचाच हा प्रकार, मग इथे चार सामने कुठून आले? माझ्या मते सगळ्या प्रकरणात एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही.

चार सामने कुठून आले, याचं कुठल्याही निकालात न सापडणारं पण चाहत्यांना ठाऊक असलेलं उत्तर २००७ मध्ये आहे. त्या सप्टेंबरमध्ये पेट्रियट्सचा माणूस जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खुणांचं मैदानाच्या कडेवरून चित्रीकरण करताना पकडला गेला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख, पहिल्या फेरीतली निवड गेली. आणि गुडेल यांनी जप्त केलेल्या टेप नष्ट करायला लावल्या. बाकीच्या संघांना वाटलं, पेट्रियट्सना पाठीशी घातलं. ती उधारी २०१५ ला वसूल झाली, असं मला वाटतं. तेव्हा टेप नष्ट केल्या म्हणून आम्ही वाचलो, असं उरलेला देश म्हणतो. आमच्याकडेही काही जण खासगीत म्हणतात.

आणि बेसबॉलवालेही काही तुळशीमाळ घालून बसलेले नव्हते. २०१७ मध्ये रेड सॉक्सच्या माणसांनी ॲपल वॉचवरून विरुद्ध संघाच्या खुणा पोचवल्या म्हणून दंड झाला. २०१८ मध्ये त्यांनी १०८ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज मिळवली आणि दोन वर्षांनी चौकशीत निघालं की त्या हंगामातही रिप्ले-खोलीतून खुणा चोरल्या जात होत्या. शिक्षा एका कर्मचाऱ्याला, आणि संघाची दुसऱ्या फेरीतली निवड गेली. लोक महिनाभर बोलले आणि विसरले. १०८ विजयांपैकी खुणांमुळे किती, याचा अंदाज करायला निदान प्रत्येक चेंडूची नोंद तरी हाताशी आहे.

ब्रेडीने जुलै २०१६ मध्ये लढाई सोडली आणि हंगामाचे पहिले चार सामने घरी बसला. त्याच्याविना संघ तीन जिंकला, एक हरला. त्याच हंगामाच्या शेवटी, ५ फेब्रुवारी २०१७ ला, सुपर बोलमध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ असे मागे असताना पेट्रियट्स ३४-२८ जिंकले. चषक देताना गुडेल मंचावर आले तेव्हा स्टेडियमभर जी हुर्यो उडाली, ती ज्यांनी ऐकली ते विसरणार नाहीत.

मधल्या काळात एनएफएलने नियम बदलले होते. २०१५ च्या हंगामापासून चेंडूंना क्रमांक द्यायचे, सामन्याआधीचा दाब लिहून ठेवायचा आणि निवडक सामन्यांत हाफटाइमला पुन्हा मोजायचा. डिसेंबर-जानेवारीत ग्रीन बे, शिकागो, बफेलोसारख्या ठिकाणी बर्फात खेळ होतो. त्या थंडीत कोणी हात न लावलेल्या चेंडूचा दाब किती उतरतो, याचे खरे आकडे एका हंगामात लीगच्या हाती आले असणार. २०१६ च्या फेब्रुवारीत गुडेल यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले की त्या नुसत्या अधूनमधूनच्या तपासण्या होत्या, संशोधन नव्हतं, आणि कुठे नियमभंग सापडला नाही. ते आकडे लीगने आजवर प्रसिद्ध केलेले नाहीत.